एका छपराखालचें भांडार : त्याचा उदय, ऱ्हास व बजाजनगरची पेठ

मलिक अंबरानें इ. स. १६१० च्या सुमारास वसविलेली खडकी म्हणजेच पुढील औरंगाबाद व आजचें छत्रपति संभाजीनगर, हें सर्वश्रुत आहे. मोंगली अमलांत या शहराभोंवतीं जे पुरे पडले त्यांचीं नांवें पाहतां एक रीत स्पष्ट दिसते. जयसिंगपुरा मिर्झा राजा जयसिंगाच्या नांवाचा, कर्णपुरा बिकानेरच्या राजा कर्णसिंगाच्या नांवाचा. ज्या सरदाराचा तळ पडला, ज्याच्या पदरचे शिपाई व कारागीर तेथें राहूं लागले, त्याचें नांव वस्तीस लागलें. शहराच्या पश्चिमेस वाळूजच्या औद्योगिक क्षेत्रांत बजाजनगर म्हणून जी वस्ती आहे तिचें नांव याच रीतीचें होय. वाळूज येथें बजाज ऑटो कंपनीचा कारखाना १९८५ सालीं सुरू झाला. त्याच्या व भोंवतालच्या कारखान्यांच्या आश्रयानें वडगाव कोल्हाटीच्या हद्दींत ही वस्ती वाढली आणि आश्रयदात्याचें नांव तिनें घेतलें. सरदाराच्या जागीं कारखाना आला, एवढाच फरक.

पुरा म्हटला कीं त्याची पेठ आलीच. बजाजनगरची पेठ कोणत्या जातीची आहे, हा प्रश्न आम्हांस एका वेगळ्याच कारणानें पडला. गेलीं कांहीं वर्षें वृत्तपत्रांतून असें वारंवार वाचावयास मिळतें कीं, घरबसल्या मोबाईलवरून माल मागविण्याच्या पद्धतीनें म्हणजे ऑनलाईन खरेदीनें मोठमोठीं जुनीं डिपार्टमेंटल स्टोअर्स बुडविलीं. ही हकीकत मुख्यतः विलायतेची व अमेरिकेची आहे. ती आपल्याकडे जशीच्या तशी लागू पडते काय, आणि ज्या वस्तींत असें भव्य दुकान कधीं उभेंच राहिलें नाहीं तेथें या ऱ्हासाचा अर्थ काय होतो, याचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें योजिलें आहे. त्यासाठीं वाचकांस प्रथम बजाजनगर सोडून मुंबईस व तेथून थोडें परदेशीं यावें लागेल. कारण मूळ वस्तु तेथली आहे.

डिपार्टमेंटल स्टोअर याला आम्ही या लेखांत ‘भांडार’ म्हणतों. ग्राहक भांडार, खादी भांडार या नांवांनीं तो शब्द आपल्या अंगवळणीं पडलेला आहे. एका मालकाचें, एका छपराखालीं, निरनिराळ्या मालाचे निरनिराळे विभाग असलेलें आणि प्रत्येक वस्तूवर भाव लिहिलेला असलेलें दुकान, हें त्याचें लक्षण. यांतील ‘एका मालकाचें’ आणि ‘भाव लिहिलेला’ हीं दोन अंगें नीट लक्षांत ठेवावीं. पुढील सर्व विवेचन त्यांवरच अवलंबून आहे.

आपली जुनी पेठ या दोन्ही बाबतींत भांडाराच्या उलट होती. पेठ वसविण्याचें काम शेटे-महाजनांचें. त्यांनीं उदमी आणून बसवावे, सरकारनें कौल द्यावा, अमुक वर्षें जकात माफ करावी, आणि पेठ नांदूं लागली म्हणजे दुकानदारांपासून शेटे-महाजनांनीं आपापले हक्क घ्यावे. माल शेट्याचा नसे. तो बाजाराची बैठक पुरवी व त्याबद्दल घेई. बाजारबैठक हा शब्द त्यावरूनच रूढ झाला. मराठवाड्यांत त्याच अर्थीं तहबाजारी म्हणतात. भावाविषयीं म्हणाल तर तो माणसागणिक वेगळा. घासाघीस हा खरेदीचाच एक भाग समजला जाई आणि गुरांच्या बाजारांत तर रुमालाखालीं बोटें धरून भाव ठरविण्याची चाल होती. शेजारी उभ्या असलेल्यासहि तो कळूं नये हाच तिचा हेतु. अशा बाजारांत वावरलेल्या माणसास वस्तूवर चिकटविलेला भाव पाहून काय वाटलें असेल याची आज कल्पना करणें कठीण आहे.

लिहिलेला भाव, मोकळा प्रवेश आणि माल परत घेण्याची हमी या गोष्टींची सांगड मोठ्या प्रमाणावर प्रथम पॅरिसला बसली. तेथील बाँ मार्शे हें दुकान १८५२ पासून आरिस्तीद बुसिको यानें वाढविलें व भांडाराचा तो नमुना ठरला. मुंबईस हा नमुना आला तो मात्र लंडनच्या वाटेनें आणि जरा चमत्कारिक रूपांत. १८७१ सालीं लंडनमध्यें लष्करी व आरमारी अधिकाऱ्यांनीं एक सहकारी मंडळी काढली. हेतु असा कीं, सभासदांस माल स्वस्त मिळावा व दलालाचा नफा वाचावा. हीच पुढें प्रसिद्धीस आलेली आर्मी अँड नेव्ही स्टोअर्स. हिचा मोठा भार एका जाडजूड किंमतपत्रकावर होता. हिंदुस्थानांत छावणीवर असलेला अधिकारी तें पत्रक चाळी, यादी लिहून पाठवी आणि आगबोटीनें पेटारे येत. म्हणजे दुकान न पाहतां, चित्रावरून व वर्णनावरून खरेदी! मुंबईंत या मंडळीनें आपलें दुकान थाटलें तें १८९१ सालीं. काळ्या घोड्याजवळील तिची इमारत अद्यापि तिच्याच नांवानें ओळखली जाते. पुढें शंभरएक वर्षांनीं टाटांच्या वेस्टसाइड या दुकानानें त्याच इमारतींत आपली शाखा उघडली, हा योगायोग मोठा बोलका आहे.

दुसरें प्रख्यात दुकान व्हाइटवे लेडलॉ यांचें. १८८२ सालीं कलकत्त्यास निघालेल्या या कंपनीचें मुंबईचें दुकान हॉर्नबी रोडवर, म्हणजे आजच्या दादाभाई नौरोजी रस्त्यावर होतें. त्यांचा कटाक्ष रोखीवर असे. साहेबलोकांचा उधारीचा लौकिक त्या काळीं थोडा नव्हता. या दुकानानें तो मोडला, म्हणून लोकांनीं त्याच्या नांवावर ‘राइट-अवे अँड पेड-फॉर’ अशी कोटी केली होती. तात्पर्य, लगेच घ्या आणि लगेच मोजा. साम्राज्य मावळलें, गोरीं गिऱ्हाइकें गेलीं आणि दुकानहि गेलें. पुढें त्याच वास्तूंत खादीभांडार नांदूं लागलें. विलायती कापडाच्या जागीं खादी आली, परंतु विभाग, लिहिलेला भाव आणि रोख व्यवहार हा सांगाडा तोच राहिला, हें ध्यानांत घेण्याजोगें आहे.

या दोन दुकानांच्या हकीकतीवरून एक गोष्ट निर्विवाद ठरते. भांडार आणि पत्रानें माल मागविणें हे एकमेकांचे वैरी नव्हते, भाऊ होते. अमेरिकेंत तर क्रम उलटा आहे: सीअर्स रोबक हें दुकान प्रथम टपालानें माल विकी आणि मागाहून त्याचीं भांडारें निघालीं. त्या कंपनीनें आपलें प्रसिद्ध किंमतपत्रक १९९३ सालीं बंद केलें. १९९४ सालीं ॲमेझॉन स्थापन झाली. आणि २०१८ सालीं सीअर्सवर दिवाळखोरीचा अर्ज करण्याची पाळी आली. हातचें हत्यार एक वर्ष आधीं म्यानांत घालावें असा हा प्रकार होता.

आपल्याकडे सामान्य माणसास दूरचा माल घरीं आणून दिला तो टपालखात्यानें. व्हॅल्यू पेएबल पोस्ट, म्हणजे आपली ‘व्ही. पी.’, १८७७ सालीं सुरू झाली. पोस्टमननें पुडकें आणावें, पैसे मोजून घ्यावे आणि विकणारास मनिऑर्डरीनें पोंचते करावे. पुस्तकें, औषधें, घड्याळें, मासिकांच्या वर्गण्या अशा किती वस्तु व्ही. पी. नें मागविल्या गेल्या त्याची गणति नाहीं. जुन्या मराठी नियतकालिकांचीं जाहिरातींचीं पानें त्याला साक्ष आहेत. न पाहिलेल्या दुकानदारावर आगाऊ पैसे पाठविण्याइतका विश्वास गिऱ्हाइकाचा नसतो आणि न पाहिलेल्या गिऱ्हाइकावर उधार माल पाठविण्याइतका विश्वास दुकानदाराचा नसतो. या कोंडींतून पोस्टमननें वाट काढली. अर्थात् मागविलेलें पुडकें न सोडवितां परत धाडणारे महाभाग तेव्हांहि होते, आणि पुडक्यांत भलतेंच भरून पाठविणारेहि होते.

मराठवाड्याची स्थिति या बाबतींत निराळी होती. औरंगाबाद हें निजामाच्या राज्यांत. १९०० च्या सुमारास मनमाडाहून येणाऱ्या रेल्वेनें तें मुंबईच्या रस्त्यास जोडलें गेलें खरें, परंतु हद्दीवर करोडगिरीचें नाकें होतें आणि नाणें वेगळें होतें. हाली शिक्क्याचा रुपया देऊन कलदार घेतांना बट्टा बसे. मुंबईंत छापलेला भाव येथें येईपर्यंत तोच राहत नसे. ‘एक वस्तु, एक भाव’ हें भांडाराचें तत्त्व जेथें राज्याच्या सीमेवरच अडखळत होतें, तेथें भांडार रुजलें नाहीं यांत नवल नाहीं. औरंगाबादेचा व्यवहार गुलमंडी, सिटी चौक, मोंढा अशा पेठांतूनच चालत राहिला.

इतकें सांगितल्यावर आतां ज्या भांडाराचा ऱ्हास आम्हांस खरोखर शोचनीय वाटतो त्याकडे वळतों. आर्मी अँड नेव्ही स्टोअर्स हें साहेबांचें सहकारी दुकान. त्याच कल्पनेचा दुसरा फांटा मजुरांचा. १८४४ सालीं इंग्लंडांतील रॉचडेल गांवच्या विणकऱ्यांनीं आपलें दुकान काढलें तो त्याचा आरंभ मानतात. हिंदुस्थानांत १९०४ च्या कायद्यानें केवळ पतपेढ्यांस मान्यता होती. १९१२ च्या कायद्यानें ग्राहकांच्या सहकारी संस्थांस वाट मोकळी झाली. दुसऱ्या महायुद्धांतील टंचाई व रेशनिंग यांनीं त्या वाढविल्या. आणि १९४८ सालीं, म्हणजे ज्या वर्षीं हैदराबाद संस्थान भारतांत आलें त्याच वर्षीं, मुंबईंत नायगांव येथें कामगारांच्या एका लहानशा सहकारी दुकानानें जन्म घेतला. मुंबई कामगार मध्यवर्ती ग्राहक सहकारी मंडळ हें त्या संस्थेचें भारदस्त नांव; लोक तिला ‘अपना बाजार’ या नांवानेंच ओळखतात. १९६८ सालीं त्याचें डिपार्टमेंटल स्टोअर झालें. गिरणगांवच्या चाळींतील माणूस जेथें गिऱ्हाईक होता तेथेंच भागीदारहि होता. भांडाराच्या लक्षणांत आम्ही ‘एका मालकाचें’ असें म्हटलें. येथें तो मालक म्हणजे गिऱ्हाइकांचा समुदाय. भांडाराच्या इतिहासांतील ही सर्वांत थोर पायरी होय असें आमचें मत आहे.

सरकारनेंहि या चळवळीस हात दिला. १९६२ च्या चीनच्या आक्रमणानंतर भाव आटोक्यांत ठेवण्यासाठीं घाऊक व प्राथमिक ग्राहक भांडारांची योजना निघाली आणि मोठ्या कारखान्यांतून कामगारांचीं भांडारें काढावीं असें ठरलें. १९६६ च्या जूनांत रुपयाचें अवमूल्यन झालें आणि पुढच्याच महिन्यांत दिल्लीस सुपर बाजार उघडला. साखर, डालडा, कंट्रोलचें कापड, साबण या वस्तु भांडारांत रास्त भावानें मिळत, रांगा लागत. येथें एक गोष्ट उघड बोलली पाहिजे. या भांडारांची भरभराट बऱ्याच अंशीं टंचाईवर उभी होती. दुकानदार साठा करतो, काळ्या बाजारांत विकतो, वजनांत मारतो, या भयाच्या छायेंत भांडाराचा दिवा उजळ दिसे. टंचाई सरली तेव्हां दिव्याची गरज कमी झाली.

शिवाय भांडाराचें मुख्य भूषण जें सर्वांस सारखा भाव, तें १९९० च्या सुमारास कायद्यानेंच सर्व दुकानदारांस वांटून टाकलें. वेष्टनावर सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत छापण्याची सक्ति झाल्यावर कोपऱ्यावरच्या वाण्याकडील साबण आणि भांडारांतील साबण यांत गिऱ्हाइकाच्या दृष्टीनें अंतर उरलें नाहीं. वाणी तर वर उधारहि देई. या स्थित्यंतराकडे कोणीं फारसें लक्ष दिलेलें नाहीं; आम्हांस तें फार महत्त्वाचें वाटतें.

तिसरा घाव गिऱ्हाइकावरच बसला. १८ जानेवारी १९८२ रोजीं सुरू झालेल्या संपानंतर मुंबईच्या कापडगिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या उभ्या राहिल्या नाहींत. सुमारें अडीच लाख कामगारांचा हा संप. ज्या मजुरीवर गिरणगांवचीं दुकानें चालत ती मजुरीच आटली. ऑनलाईन खरेदी हा शब्दहि तेव्हां जन्मास आला नव्हता. दिल्लीचा सुपर बाजार २००२ सालीं बंद पडला, तेव्हां फ्लिपकार्टच्या स्थापनेस पांच वर्षें अवकाश होता. म्हणून आम्ही म्हणतों कीं, आपल्या इकडील सहकारी भांडारांच्या बाबतींत ऑनलाईन खरेदीवर खुनाचा आळ घेणें योग्य नाहीं. ती आली ती फार तर दहाव्याला.

याच वेळीं घडलेली एक गोष्ट नोंदण्यासारखी आहे. १९९९ सालीं नवी मुंबईंत नेरूळ येथें अपना बाजारची एक शाखा करारानें चालविण्यास घेणारे गृहस्थ म्हणजे शेअरबाजारांतील प्रसिद्ध गुंतवणूकदार राधाकिशन दमाणी. तेथील अनुभवानंतर २००२ सालीं त्यांनीं पवई येथें स्वतःचें पहिलें डी-मार्ट काढलें. कामगारांच्या दुकानांत धडा घेऊन निघालेलें हें दुकान १९१२ च्या कायद्याच्या नव्हे, तर भांडवलाच्या मार्गानें वाढलें. २०१७ सालीं त्याचे भाग बाजारांत आले तेव्हां त्यांवर लोकांच्या उड्या पडल्या. यावरून एक छपराखालचें दुकान ऑनलाईनच्या काळांतहि भरभराटूं शकतें, हें सिद्ध होतें. मात्र त्यांत गिऱ्हाईक भागीदार असलाच तर तो शेअरबाजारांतून; नायगांवच्या अर्थानें नव्हे.

उलट उदाहरण बिग बाजारचें. २००१ सालीं निघालेलें हें दुकान ठिकठिकाणीं पसरलें. पुढें कर्जाचा डोंगर झाला, त्यांत २०२० ची टाळेबंदी आली; रिलायन्सशीं झालेल्या विक्रीच्या करारास ॲमेझॉननें हरकत घेतली आणि कज्जे चालू असतांनाच २०२२ च्या फेब्रुवारींत रिलायन्सनें बऱ्याच दुकानांच्या जागा ताब्यांत घेतल्या. येथें ऑनलाईन कंपनी खरोखरच रंगभूमीवर होती, परंतु गिऱ्हाईक पळविणारी म्हणून नव्हे, तर वाटणीच्या कज्ज्यांतील दावेदार म्हणून!

बजाजनगरकडे परत येण्यापूर्वीं आणखी एका प्रयोगाचा उल्लेख केला पाहिजे. १९७४ सालीं पुण्यास बिंदुमाधव जोशी यांच्या पुढाकारानें ग्राहक पंचायत निघाली आणि १९७५ सालीं मुंबई ग्राहक पंचायत. तिच्या संस्थापकांत गायक-संगीतकार सुधीर फडके हे होते. मुंबईच्या पंचायतीनें दुकानच काढलें नाहीं. शेजारपाजारच्या कुटुंबांचा एक संघ करावा, महिन्याची यादी भरून द्यावी, पंचायतीनें घाऊक खरेदी करून माल संघाच्या दारीं पोंचवावा आणि सभासदांनीं तो आपसांत वांटून घ्यावा, अशी ही रचना. दुकानावांचून खरेदी, यादीवरून मागणी, घरपोंच माल. ऑनलाईन खरेदीचीं बहुतेक सर्व अंगें येथें मोबाईलच्या कितीतरी आधीं हजर आहेत. भेद एवढाच कीं, यादी कोणाच्या घरांत कोण भरतो हें कंपनीस नव्हे, शेजाऱ्यांस ठाऊक असे.

आतां बजाजनगर. १९८५ सालीं वाळूजचा कारखाना निघाला तो काळ स्कूटरसाठीं नंबर लावून वर्षानुवर्षें वाट पाहण्याचा होता. मराठवाडा, खानदेश, विदर्भ येथील खेड्यांतून तरुण येथें आले. त्यांनीं आपल्याबरोबर आणली ती भांडाराची नव्हे, तर वाण्याच्या वहीची संवय. महिन्याचा किराणा वहीवर न्यावा आणि पगार झाला कीं खातें फेडावें. घरें बांधलीं गेलीं तसतशीं खालच्या मजल्यावर दुकानें निघालीं. मालक वर राहणार, खालीं किराणा, भांडीं अगर कापड. या वाण्यास कोणत्या कारखान्याचा पगार कोणत्या तारखेस होतो, कोण कायम आहे आणि कोण ठेकेदाराकडे आहे, कोणाची पाळी रात्रीची आहे, हें सर्व पाठ असतें. भांडाराजवळ माल अधिक असेल, परंतु ही माहिती त्याच्या काउंटरवर नसते. व्हाइटवे लेडलॉची रोखीची शिस्त येथें चाललीच नसती.

मोठें दुकान पहावयाचें तर येथील माणूस शहरांत जाई: गुलमंडीस, पैठण गेटास, निराला बाजारांत, आणि २०१० पासून चिकलठाण्याच्या बाजूस उघडलेल्या प्रोझोन मॉलमध्यें. मॉल म्हणजे भांडार नव्हे. एका छपराखालीं अनेक मालकांचीं दुकानें असणारी ती बंदिस्त पेठच होय. अशा रीतीनें बजाजनगर वाण्याच्या वहीवरून थेट मोबाईलवर आलें. मधली भांडाराची पायरी त्याच्या इतिहासांत नाहींच म्हटलें तरी चालेल.

ही उडी कशी शक्य झाली? फ्लिपकार्ट २००७ सालीं बंगळूर येथें निघालें, तें प्रथम पुस्तकें विकी. सामान्य गिऱ्हाईक त्याकडे वळलें तें २०१० सालीं, माल हातीं पडल्यावर पैसे देण्याची सोय झाल्यावर. ही सोय म्हणजे आपली जुनी व्ही. पी. च, हें वाचकांच्या लक्षांत आलेंच असेल. एकशें तेहतीस वर्षांनीं तीच कोंडी आणि तीच वाट! २०१३ च्या जूनांत ॲमेझॉननें येथें दुकान मांडलें. २०१६ सालीं तीन गोष्टी लागोपाठ घडल्या: एप्रिलांत यूपीआय, सप्टेंबरांत जिओचें स्वस्त इंटरनेट आणि नोव्हेंबरांत नोटाबंदी. कामगाराच्या हातीं फोन होताच. त्यांत पैसेहि आले. २०२० च्या टाळेबंदींत मात्र प्रथम वाणीच उपयोगी पडला, कारण जीवनावश्यक नसलेला माल ऑनलाईन विकण्यास आरंभीं मनाई होती.

येथें कायद्याची एक तरतूद फार अर्थपूर्ण आहे. परदेशी भांडवलाच्या ऑनलाईन कंपनीनें स्वतःचा माल किरकोळीनें विकूं नये, तिनें केवळ विक्रेत्यांस जागा द्यावी, असा सरकारचा दंडक आहे. १ फेब्रुवारी २०१९ पासून तो अधिक कडक करण्यांत आला. म्हणजे कायद्याच्या दृष्टीनें ती दुकानदार नाहीं. ती बैठक पुरविणारी आहे, आणि जुन्या भाषेंत बोलावयाचें तर ती शेटेपणा करते. पेठ वसवितांना जसा कौल मिळे तसा तिनेंहि आरंभीं दिला: विक्रेत्यास सवलत, गिऱ्हाइकास सूट, पोंचविण्याचा खर्च माफ. कौलाची मुदत सरली म्हणजे इस्तावा चढत जातो, हें दप्तरें चाळणाऱ्यांस सांगावयास नको. कमिशन, हाताळणीचा आकार, माल ठेवण्याचें भाडें या नांवांनीं तो आतां चढतो आहे. आणि भाव? तो पुन्हां लिहिलेला असून नसल्यासारखा झाला आहे. सकाळचा संध्याकाळीं नसतो. रुमालाखालचीं बोटें परत आलीं, फक्त दुसरीं बोटें दिसत नाहींत.

तेव्हां आमचा निष्कर्ष असा. ज्याला लोक नव्याचा जुन्यावर विजय म्हणतात, तो वस्तुतः जुन्या पेठेनें टपालाशीं संगनमत करून भांडारावर मिळविलेला विजय आहे. भांडार हेंच मधलें, अल्पायुषी आणि खऱ्या अर्थानें आधुनिक. त्याबरोबर गेली ती एका मालकाची जबाबदारी. वाळूजमधील कामगारानें मागविलेला मिक्सर बिघडला तर त्यानें कोणाचें दार ठोठवावें? पावतीवर बारीक अक्षरांत भलत्याच गांवच्या विक्रेत्याचें नांव असतें. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानें व २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनीं तक्रारीस अधिकारी नेमावयास लावला, हें खरें. तरी नायगांवचा सभासद वार्षिक सभेंत उभा राहून भांडाराच्या चालकास तोंडावर विचारी, त्याची बरोबरी त्यानें होत नाहीं. विलायतेंत तर दुकान जाऊन नुसतें नांव उरण्यापर्यंत मजल गेली: डेबनहॅम्सचीं सर्व दुकानें २०२१ च्या मेमध्यें बंद झालीं आणि ती पाटी एका ऑनलाईन कंपनीनें विकत घेतली.

या विषयाचा अभ्यास करूं इच्छिणारांस साधनांची अडचण पडेल, ती आतांच सांगून ठेवतों. शेटे-महाजनांचे कौल दप्तरांत आहेत. आर्मी अँड नेव्हीचीं किंमतपत्रकें संग्रहालयांत आहेत. सहकारी ग्राहक भांडारांचीं भागपत्रें, सभासदांचीं पासबुकें, वार्षिक अहवाल, विभागवार विक्रीचीं खतावणीं मात्र अवसायनांत निघालेल्या संस्थांच्या कपाटांतून रद्दीच्या वाटेवर आहेत. बजाजनगरसारख्या वस्तींतील वाण्याच्या लाल कापडी पुठ्ठ्याच्या वह्या, ज्यांत चाळीस वर्षांच्या मराठवाड्यांतील औद्योगिक मजुराचें खाणेंपिणें, सणवार, आजारपण व बेकारी तारखेवार उतरली आहे, त्या खातें फिटतांच टाकून दिल्या जातात. मंडळाच्या सभासदांनीं आपापल्या गांवीं चौकशी करून अशा वह्या मिळतील तेवढ्या मंडळाकडे पाठवाव्या; मूळ मालकाचें व गिऱ्हाइकांचें नांव झांकून त्यांची सूचि करतां येईल. मोबाईलवरील खरेदीची नोंद कंपनीच्या संगणकांत राहते, ती आपल्या हातीं येणारी नाहीं. आणि डी-मार्टसारख्या दुकानांतून मिळणारी पावती उष्णतेनें उमटविलेली असते. ती खिशांत वा कपाटांत ठेवली तर दोन-तीन वर्षांत तिचीं अक्षरें उडून कोरा कागद हातीं राहतो. ती त्याच आठवड्यांत उतरून घ्यावी.